बसून केलेलं भाषण

“मुलगी काय करते तुमची?” या प्रश्नाची डॉक्टर शशिधर ताम्हनकरांना लेस्टरच्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमांत धास्तीच असायची. बाकीच्यांची उत्तरं कशी सुटसुटीत होती. कुणाचा मुलगा बर्मिंगहॅमला हृदयाची ऑपरेशनं करायचा, कुणाची सून लंडनच्या बँकेत मोठ्या हुद्द्यावर होती. डॉक्टरांची एकुलती एक आश्लेषा लेस्टरच्या एका सरकारी शाळेत इतिहास शिकवायची. बरं, इतिहास तरी कुठला? शिवाजी महाराजांचा नाही, इंग्लंडच्या राजाराण्यांचाही नाही. सिक्स्थ फॉर्मच्या, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीच्या पोरांना ती अमेरिकेतली १९३०च्या दशकातली मंदी, रूझवेल्टचं सरकार आणि दुसरं महायुद्ध शिकवायची.

“लेस्टरच्या पोरांना त्या अमेरिकेतल्या बेकारांचं काय पडलंय?” डॉक्टर घरी म्हणायचे.

“मग तुम्हाला तरी भूल दिलेल्या पेशंटचं काय पडलेलं असायचं? झोपलेलाच असायचा ना तो?” सुहासिनीबाई चहा गाळता गाळता विचारायच्या. डॉक्टर आयुष्यभर ॲनस्थेटिस्ट होते, आणि बायकोचा असला प्रश्न आला की पेपर उघडायचे.

आश्लेषा नामांकित शिक्षिका वगैरे नव्हती. तिला बक्षिसं मिळाली नव्हती, पेपरात तिचं नाव आलं नव्हतं. पण बेलग्रेव्ह रोडवर साडीच्या दुकानात, पेट्रोल पंपावर, अगदी दाताच्या दवाखान्यातसुद्धा कुणीतरी तरणंताठं माणूस “मिस! ओळखलंत का?” म्हणत तिला गाठायचं. आणि मग तिथेच उभ्या उभ्या अमेरिकेतल्या धुळीच्या वादळांच्या आणि बंद पडलेल्या बँकांच्या गप्पा सुरू व्हायच्या. डॉक्टर बाजूला पिशव्या धरून उभे राहायचे आणि घड्याळाकडे बघायचे.

आश्लेषा बेचाळीस वर्षांची होती तेव्हा फेब्रुवारीच्या हाफ-टर्मच्या सुट्टीत तिच्या तळपायांना मुंग्या यायला लागल्या. शुक्रवारी तिने ते हसण्यावारी नेलं. शनिवारी जिना चढताना तिचा पाय अडखळला. रविवारी सकाळी तिने वडिलांना फोन केला आणि अगदी शांत आवाजात म्हणाली, “बाबा, मला उठता येत नाहीये. माझे पाय आहेत, पण नाहीयेत.”

डॉक्टर तिच्या फ्लॅटवर पोचले. त्यांनी पांघरूण बाजूला केलं, बोटाने तिच्या पावलांवर दाबून पाहिलं, मग गुडघ्यांवर, मग मांड्यांवर. “इथं कळतंय?” “नाही.” “इथं?” “नाही, बाबा.” हॉस्पिटलात स्कॅन झाला, पण डॉक्टरांना निदान त्याआधीच कळलेलं होतं. साध्या तापाच्या मागोमाग मज्जारज्जूला सूज आली होती. क्वचित होतं असं, आणि होतं तेव्हा कुणाचं काही चालत नाही.

पस्तीस वर्षं त्यांनी हजारो बायकापुरुषांच्या पाठीत सुई टोचून त्यांचं कमरेखालचं अंग बधिर केलं होतं. पाय हलेनासे झाले की माणसं घाबरायची. मग डॉक्टर त्यांच्या खांद्यावर हात ठेवून सांगायचे, “काळजी करू नका. दोन तासांत पाय परत येतील.” हे वाक्य ते झोपेतही म्हणू शकले असते. त्या रविवारी मुलीच्या खाटेशी बसून त्यांना ते म्हणता आलं नाही.

तीन-चार महिने आश्लेषा हॉस्पिटलात आणि मग पुनर्वसन केंद्रात होती. तिचे दंड भक्कम झाले, ती स्वतःची स्वतः पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून गाडीत सरकायला शिकली. पाय मात्र तसेच राहिले. फ्लॅट पहिल्या मजल्यावर, म्हणून ती आईवडिलांकडे लेस्टरलगतच्या ओडबीला राहायला आली. जेवणाची खोली तिची खोली झाली आणि पुढच्या दाराशी उतरण बांधली गेली.

याच काळात डॉक्टर खोटं बोलायला लागले. मंडळाच्या गुढीपाडव्याला कुणीतरी विचारलं, “आश्लेषा दिसत नाही ती?” डॉक्टर पटकन म्हणाले, “रजेवर आहे. पुढचा अभ्यास चाललाय तिचा.” सुहासिनीबाई शेजारीच उभ्या होत्या. गाडीत बसल्यावर म्हणाल्या, “अभ्यास चाललाय होय?”

“मग काय सांगायचं? लगेच सगळे चुकचुकायला लागतील. घरी येतील, तिच्याकडे बघत बसतील.”

“तिला चालेल. तुम्हाला चालणार नाही.”

डॉक्टरांनी गाडी सुरू केली. त्यानंतर गणपतीतही त्यांनी तेच उत्तर दिलं.

सप्टेंबरमध्ये शाळा उघडायच्या आधी हेडटीचर मिसेस हॉलिंग्स घरी आल्या. बाई मनाने चांगल्या. येताना फुलं घेऊन आल्या. शाळेची इमारत जुनी, इतिहासाची खोली वरच्या मजल्यावर, लिफ्ट नाही. त्यांनी सुचवलं की आश्लेषाने घरूनच काम करावं, बाकीच्या शिक्षकांसाठी धडे तयार करावेत, निबंध तपासावेत.

“मला वर्ग पाहिजे,” आश्लेषा म्हणाली.

बऱ्याच बोलण्यानंतर खालच्या मजल्यावरची, पूर्वी शिवणकाम शिकवायची खोली मोकळी करून द्यायचं ठरलं. मग मिसेस हॉलिंग्स जरा चाचरत म्हणाल्या, “आणखी एक करता येईल. मुलं यायच्या आधीच आपण तुला टेबलामागे बसवू. मुलं गेल्यावर बाहेर काढू. म्हणजे कुणालाच अवघडल्यासारखं होणार नाही.”

डॉक्टरांना ही कल्पना फारच पसंत पडली. “उत्तम!” ते म्हणाले. “टेबलाला पुढून फळी असली म्हणजे काही दिसणारसुद्धा नाही.”

आश्लेषा खदखदून हसली. आजारपणानंतर ती पहिल्यांदाच अशी हसत होती. मिसेस हॉलिंग्स गेल्यावर ती वडिलांना म्हणाली, “बाबा, हा तर रूझवेल्टचा आयडिया आहे.”

“रूझवेल्टची आयडिया,” डॉक्टरांनी सवयीने चूक सुधारली. आश्लेषाचा जन्म लेस्टरचा. तिचं मराठी प्रेमळ होतं, पण त्यातल्या खुर्च्या आणि टेबलं वाटेल ते लिंग धारण करायची. “त्याचं काय इथे?”

“तुम्हाला माहीतच नाहीये? मग येऊन बसा ना माझ्या क्लासमध्ये. तसेही तुम्हीच मला ड्राइव्ह करणार आहात.”

ते खरंच होतं. हातांनी चालवायची गाडी मिळायला वेळ लागणार होता, तोवर तिला ने-आण करायचं काम डॉक्टरांकडे आलं होतं. शाळेने मुलांच्या सुरक्षेच्या नियमाप्रमाणे त्यांची रीतसर चौकशी केली, गळ्यात व्हिजिटरचा पट्टा अडकवला आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी ताम्हनकर साहेब वर्गाच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसले.

पहिल्या दिवशी मुलं आत बसल्यावरच आश्लेषा आली. दाराच्या उंबऱ्यावरच्या पत्र्याला पुढचं चाक अडलं. डॉक्टर अर्धे उठले, पुढच्या रांगेतला कुश नावाचा उंच मुलगाही उठला. आश्लेषाने दोघांना एकाच नजरेने खाली बसवलं. खुर्ची मागे घेतली, पुढचा भाग किंचित उचलला आणि आत आली. फळ्यासमोर मधोमध येऊन थांबली. टेबलामागे गेलीच नाही.

“विचारा,” ती म्हणाली. “जे काही विचारायचं ते आज विचारून टाका. उद्यापासून फक्त अमेरिका.”

खिडकीशी सारा नावाची मुलगी होती. तिने हात वर केला. “मिस, तुम्ही परत चालाल?”

“मला माहीत नाही. हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनाही माहीत नाही. पुढचा प्रश्न?”

“याचा टॉप स्पीड किती आहे?” कुशने विचारलं. कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळाच वर्ग हसला.

“उतारावर विचार,” आश्लेषा म्हणाली आणि तिने दिवे मालवून पडद्यावर एक फोटो लावला. कोटटोपी घातलेली माणसं, रांग, रांगेच्या टोकाला सूप वाटणारा माणूस. “यातल्या प्रत्येकाकडे बघा. कपडे बघा. हे भिकारी नाहीत. तीन वर्षांपूर्वी यांच्यातला कुणी बँकेत होता, कुणी सुतार होता, कुणी तुमच्या वडिलांसारखा गाड्यांच्या कारखान्यात होता. यांचं काय चुकलं, ते मला तासाच्या शेवटी सांगा.”

डॉक्टरांनी सोबत शब्दकोडं आणलं होतं. ते कोटाच्या खिशातच राहिलं.

पुढचे आठवडे ते नेमाने जाऊन बसू लागले. मुलीला त्यांनी स्वयंपाकघरात, लग्नसमारंभात, तापात फणफणलेली, चिडलेली, सगळ्या तऱ्हांनी पाहिलं होतं, पण काम करताना कधीच पाहिलं नव्हतं. ती कधी आवाज चढवायची नाही. मुलं चुकली तरी चूक त्यांच्याच हातात ठेवून वाट बघायची. रूझवेल्ट रेडिओवर बोलला तो प्रसंग तिने असा सांगितला की डॉक्टरच पुढे सरकून ऐकायला लागले. बँका बुडाल्या होत्या, घाबरलेल्या लोकांनी पैसे गादीखाली दडवले होते, आणि एका रविवारी राष्ट्राध्यक्षाने घराघरात ऐकू जाईल अशा आवाजात बँक म्हणजे काय असतं ते साध्या शब्दांत समजावलं. त्यानंतर बँका उघडल्या तेव्हा लोक पुन्हा रांगेत उभे राहिले, पण पैसे परत ठेवायला.

“माणसं शहाणी असतात,” ती वर्गाला म्हणाली. “फक्त त्यांना नीट समजावून सांगायचे कष्ट कुणीतरी घ्यावे लागतात.”

पण ती रूझवेल्टची भक्त नव्हती. म्हातारपणाच्या पेन्शनचा कायदा शिकवताना तिने मुलांना विचारलं, “यातून कोण वगळलं गेलं?” आणि शेतमजूर आणि घरकाम करणारे, म्हणजे दक्षिणेतले बहुतेक काळे कामकरी, बाहेरच राहिले हे त्यांच्याकडूनच काढून घेतलं. घरी परतताना डॉक्टर म्हणाले, “काय गं, कालपर्यंत मला तो माणूस देव वाटायला लागला होता.”

“म्हणूनच आज सांगितलं, बाबा.”

ऑक्टोबरच्या एका गुरुवारी तिने पडद्यावर नवा फोटो लावला. रूझवेल्ट उभा, चेहऱ्यावर रुंद हसू. शेजारी त्याचा तरुण मुलगा. बापाचा हात मुलाच्या हातात गुंतलेला.

“कोण कुणाला धरतंय?” तिने विचारलं.

मुलं पुढे झुकली. मग सारा म्हणाली, “मुलगा त्याला धरतोय. त्याची बोटं बघा. किती घट्ट आहेत.”

मग आश्लेषाने सांगितलं. ऐन उमेदीत त्याला पोलिओ झाला. पाय गेले. तो उभा दिसायचा ते पायांना बांधलेल्या पोलादी पट्ट्यांच्या जोरावर. भाषणाच्या जागी तो आधीच पोचलेला असायचा. खुर्चीतले फोटो काढायचे नाहीत हे वार्ताहरांनी पाळलेलं होतं, आणि एखाद्याने कॅमेरा उचललाच तर रक्षक आडवे यायचे. त्याला पोलिओ झाला होता हे लोकांना ठाऊक होतं, पण चाकांची खुर्ची बहुतेकांनी कधी पाहिली नाही.

“म्हणजे खोटं बोलला,” सारा म्हणाली.

“खरं दाखवलं असतं तर निवडून आला असता का?” कुश उसळला. “मग त्या सगळ्यांना कामं कुणी दिली असती?”

“तो प्रश्न वेगळा. त्याच्यासारख्या किती लोकांना वाटलं असेल की आपणही लपायला पाहिजे!”

वर्गात धुमश्चक्री माजली. आश्लेषाने त्यांना भांडू दिलं. दम लागला तेव्हा ती म्हणाली, “मार्च १९४५. युद्ध संपत आलंय. हा माणूस चर्चिल आणि स्टालिनला भेटून परत आलाय, थकलाय, आजारी आहे. संसदेसमोर तो भाषणाला येतो आणि उभा राहत नाही. सगळ्यांच्या देखत खुर्चीत बसतो. म्हणतो, बसून बोलतोय त्याबद्दल माफ करा, पायांना एवढं पोलाद बांधून वागवण्यापेक्षा हे मला सोपं जातं. बारा वर्षांत पहिल्यांदा त्याने हे त्या सभागृहात बोलून दाखवलं. पुढच्याच महिन्यात तो गेला.”

“फार उशीर केला त्याने,” सारा हळूच म्हणाली.

“हो. पण उशीर एकट्या त्याने केला का? समोर बसलेल्यांना केव्हा चाललं असतं?”

मागच्या बाकावर डॉक्टरांनी मान खाली घातली होती. त्यांना सांगली आठवत होती. शेजारच्या घरातला वसंता, त्यांच्याच वयाचा. पोलिओने पाय काडीसारखे झालेले. कॅरममध्ये त्याला हरवणारा गल्लीत कुणी नव्हता. पण घरी पाहुणे आले की त्याची आई म्हणायची, “वसंता, आत जा.” आणि तो हातांवर सरकत आत जायचा. शशिधरला ते कधी वावगं वाटलं नव्हतं. डाव अर्धा राहिला म्हणून तो फक्त चिडायचा.

“बाबा,” आश्लेषाने मागे पाहिलं, “तुमच्या लहानपणी तुम्ही पोलिओ पाहिलाय. सांगाल यांना?”

तिला वसंताबद्दल काही माहीत नव्हतं, तिने सहजच विचारलं होतं. डॉक्टर उभे राहिले. भूल देणाऱ्या माणसाला व्याख्यान द्यायची सवय नसते. तरी त्यांनी सांगितलं, कॅरमबद्दल, हातांवर सरकण्याबद्दल, आतल्या खोलीबद्दल.

“आता कुठे असतो तो?” कुशने विचारलं.

डॉक्टरांनी तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं, आपल्याला ठाऊक नाही. मेडिकलला गेलो, मग इंग्लंडला आलो, आणि एकदाही कुणाला विचारलं नाही. “मला माहीत नाही,” ते म्हणाले. “मी शोधतो.”

घरी आल्यावर त्यांनी कोटही न काढता फोन उचलला. सांगलीतल्या बहिणीला सकाळी विचारायचं होतं, तिथे तेव्हा रात्र झाली असणार. हा फोन दुसराच होता. मंडळाच्या दिवाळीची व्यवस्था राजीव नावाचा एक उत्साही गृहस्थ बघायचा, त्याला.

“राजीव, तुम्ही घेतलाय त्या हॉलला पायऱ्या आहेत ना?”

“आहेत की. दहा-बारा असतील. का हो, गुडघे दुखतायत का डॉक्टरसाहेब?”

“माझे नाही. आश्लेषा येणार आहे. ती व्हीलचेअर वापरते.”

राजीवचा आवाज एकदम खाली आला. “कधीपासून?”

“फेब्रुवारीपासून.”

“पण तुम्ही तर म्हणाला होतात, अभ्यास...”

“म्हणालो होतो. खोटं होतं ते. आता हॉलचं बघा.”

सुहासिनीबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याचा कोट उतरवून घेतला आणि खुंटीला लावला. “चहा टाकते,” एवढंच म्हणाल्या.

राजीवने हॉल बदलला. दिवाळीच्या दिवशी लोक आले, चुकचुकले, डोळ्यांना पदर लागले. ज्याची डॉक्टरांना इतके महिने भीती वाटत होती ते सगळं झालं, आणि झालं तरी काही बिघडलं नाही. एका काकूंनी आश्लेषाचे दोन्ही हात धरून “कसं गं हे झालं तुझं!” म्हणून गळा काढला. आश्लेषाने त्यांना फराळाच्या ताटाशी नेलं आणि म्हणाली, “काकू, माझा शाळा मस्त चाललाय. तुम्ही चकली घ्या.” जरा वेळाने डॉक्टरांनी पाहिलं तर मंडळातली दहा-पंधरा पोरं तिच्याभोवती कोंडाळं करून बसली होती, आणि ती त्यांना काहीतरी सांगत होती. हातवाऱ्यांवरून धुळीचं वादळ असावं.

बहिणीकडून वसंताचं कळलं ते असं. त्याने सांगलीत टायपिंगची इन्स्टिट्यूट काढली होती. निम्म्या गावाचे कारकून त्याच्या हाताखालून गेले. लग्न झालं, मुली झाल्या. पाच-सहा वर्षांपूर्वी गेला. डॉक्टरांनी हे जसंच्या तसं कुशला सांगितलं. कुश जरा विचार करून म्हणाला, “म्हणजे आत नाही बसला तो.” “नाही,” डॉक्टर म्हणाले. “नाही बसला.”

पाय काही परत आले नाहीत. वसंत ऋतूत उजव्या पायाचा अंगठा हलला तेव्हा घरात एकच गडबड उडाली, पण गोष्ट अंगठ्यापुढे गेली नाही. आश्लेषाने ते वडिलांच्या आधी पचवलं. ती महायुद्धाच्या प्रकरणात बुडून गेली होती. एका तासाला तिने जपानी वंशाच्या अमेरिकन कुटुंबांबद्दल शिकवलं. त्यांच्याच सरकारने, त्याच रूझवेल्टच्या सहीने, त्यांना घरादारातून उचलून वाळवंटातल्या छावण्यांत ठेवलं होतं. त्या दिवशी वर्गातली मुलं घंटा झाली तरी उठली नाहीत. उन्हाळ्यात निकाल लागले. सारा इतिहास शिकायला कार्डिफला जाणार होती. कुशला जेमतेम मार्क मिळाले, तरी पठ्ठ्या मिठाईचा डबा घेऊन ओडबीला आला. त्याच उन्हाळ्यात इतिहास विभागाची प्रमुख निवृत्त झाली. मिसेस हॉलिंग्सनी मुलाखती घेतल्या आणि ती जागा आश्लेषाला दिली. सगळा विभाग खालच्या मजल्यावर आणायचं ठरलं.

आता मंडळात कुणी विचारलं की डॉक्टर म्हणतात, “मुलगी इतिहास शिकवते. अमेरिकेचा. मंदी आणि महायुद्ध. वेळ आहे का तुम्हाला?” आणि वेळ नसला तरी सांगतात.

सप्टेंबरच्या सुरुवातीला आश्लेषाची हातांनी चालवायची गाडी आली. पहिल्याच शनिवारी तिने वडिलांना शेजारच्या सीटवर बसवलं आणि गाडी मोठ्या रस्त्याला काढली. डॉक्टरांनी एका हाताने दाराची मूठ धरली होती. मात्र तोंड चालूच होतं. “तू काहीही म्हण, मंदी काय त्या रूझवेल्टच्या योजनांनी संपली नाही. युद्धाने संपली. कारखाने भरले, बायकासुद्धा विमानं जोडायला गेल्या, बेकारी संपली.”

“आणि त्या कारखान्यांना पैसा कोणी दिली?”

“कोणी दिला. सरकारने.”

“मग? तेच तर तो आधी थोडं थोडं करत होता. घाबरत घाबरत.”

“युद्धाचं वेगळं असतं गं. आशू, बस! समोर बस आहे!”

“दिसतेय मला बस, बाबा. तुम्ही पुढे बोला.”

तिने इंडिकेटर दिला आणि बसच्या बाजूने सफाईने गाडी पुढे काढली. डॉक्टरांनी मूठ सोडून बोटांवर मोजत आपला पुढचा मुद्दा सुरू केला.